न पाहिलेल्या धन्याची चाकरी

गेल्या पावसाळ्यातील एक लहानसा प्रसंग आमच्या मनात अद्याप घोळत आहे. आणि ज्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहो तो त्यातूनच उत्पन्न झालेला असल्यामुळे प्रथम तो प्रसंगच सांगणे बरे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातील ग्रंथांची व वर्गणीदारांची सारी नोंद आता कार्डांच्या खणांत नसून एका संगणकात असते. एके रात्री वादळात वीज गेली, ती पहाटे आली, आणि सकाळी ग्रंथपालबाई येऊन पाहतात तो यंत्र चालू, परंतु ज्याच्या पोटात ती नोंद राहते तो डेटाबेसचा सर्व्हर काही केल्या उठेना. पडद्यावर एवढाच मजकूर उमटे की, माहितीची जागा नाही किंवा रिकामी आहे. नवी कोठी स्थापावयाची असल्यास तशी आज्ञा आपण होऊन द्यावी. बाईंनी तीनदा खटपट केली, तिन्ही वेळा तेच उत्तर. "सर, यंत्र हट्टाला पेटलं आहे," असे त्या आम्हांस म्हणाल्या. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, तेव्हा त्यांचा त्रागा समजण्यासारखा होता.

सुदैवाने आमचा एक जुना विद्यार्थी त्याच दिवशी भेटावयास आला होता. पोटासाठी तो पुण्यास नोकरी करतो. पण रात्रीच्या वेळी, कोणी न सांगता व कोणी न देता, याच जातीची कामे करीत बसतो. त्याने यंत्राची पेटी उघडली, एक सैल झालेली तार दाबून बसविली, दुसरी डिस्क जागेवर आणली व सर्व्हरास हाक मारली. चारपाच मिनिटे काहीच झाले नाही. नंतर सारी नोंद होती तशी उभी राहिली.

"एवढ्यासाठी माझी सकाळ गेली! आपण होऊन सुरू व्हायला त्याला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या.

"बाई, आपण होऊन सुरू झाला असता तर तुमची वीस वर्षांची नोंद धोक्यात आली असती. त्यानं नाही म्हटलं म्हणून ती राहिली."

'त्याने नाही म्हटले' हे शब्द आम्हांस नवल वाटण्याजोगे वाटले. यंत्र नाही म्हणत नसते. नाही म्हणणारा कोणी मनुष्य असतो. तो आधी केव्हातरी, कोठेतरी बसून, पुढे येणाऱ्या या सकाळचा विचार करतो आणि यंत्राच्या तोंडी तो नकार घालून ठेवतो. हा मनुष्य कोण, त्यास हा अधिकार कोणी दिला, आणि तो आमचे काय लागतो, हा आमचा प्रश्न.

ज्या वाचकांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पोस्टग्रेस या नावाने ओळखला जाणारा हा डेटाबेस कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून निघाला. १९९६ पासून तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने जगभर विखुरलेल्या मंडळींच्या हाती वाढत आहे. परंतु कर्त्यांनी लिहिलेला ग्रंथ आणि वाचकाच्या हाती पडणारे पुस्तक यांमध्ये जसा छापखाना असतो, तशी येथेही मध्ये एक मंडळी असते. लिनक्स ही एकच वस्तू नव्हे. हजारो स्वतंत्र कर्त्यांच्या कृती एकत्र आणून, एकमेकींशी जुळवून, त्यांचा एक संसार मांडून देणाऱ्या निरनिराळ्या संस्था आहेत. त्यांस डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. १९९३ साली इयन मर्डॉक याने आरंभिलेले डेबियन हे त्यांपैकी एक, फेडोरा व रेड हॅट ही दुसरी. या संस्थांत प्रत्येक कृतीस एखादा सांभाळणारा असतो. तो तिचे पॅकेज बांधतो. ती यंत्रावर कोठे ठेवावी, कोणाच्या नावे चालवावी, वीज आल्यावर कशी उठवावी व जाताना कशी निजवावी, याची लहानशी आज्ञावली लिहितो. तिलाच स्क्रिप्ट म्हणतात. तिच्या ओळी थोड्या असतात आणि त्या लिहिल्याने कोणाची कीर्ती झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता या मनुष्याची स्थिती पाहावी. तो मालक नाही, कर्ताही नाही. ज्याच्या कोठीची किल्ली तो घडवतो त्या धन्यास त्याने कधी पाहिलेले नाही. धनी वाराणशीचा सराफ आहे की ब्राझीलचा दवाखाना, हे त्यास ठाऊक नसते. आणि जेव्हा स्क्रिप्ट चालते तेव्हा तो स्वतः तेथे नसतोच. अनुपस्थित मनुष्याने अनुपस्थित मनुष्यासाठी करावयाचे हे काम आहे. रोमन कायद्यात, शेजारी परगावी असता न सांगता त्याचे घर सावरणाऱ्याच्या हक्कांचा व कर्तव्यांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. आमच्याकडेही १८८२ च्या ट्रस्ट अ‍ॅक्टाने विश्वस्ताकडून सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी अपेक्षिली आहे. परंतु या पॅकेजवाल्यास ही कलमे लागू करू गेल्यास तो लगेच सनद दाखवील: ही वस्तू आहे तशी दिलेली आहे, हमी कशाचीही नाही. कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा सुटेल. प्रश्न कायद्याचा नसून नीतीचा आहे, आणि नीतीच्या कोर्टात फुकट केले एवढ्यावर कोणी सुटतो असे आम्हांस वाटत नाही. १७०३ साली इंग्लंडात कॉग्ज नामक गृहस्थाची ब्रँडीची पिंपे बर्नार्ड नामक दुसऱ्याने एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेऊन देण्याचे पत्करले, मजुरी ठरली नव्हती, पिंप फुटले. मुख्य न्यायाधीश होल्ट यांच्या कोर्टाने निकाल दिला तो बर्नार्डच्या विरुद्ध. त्याने काम पत्करावयाचे नव्हते. पण एकदा पत्करल्यावर दुसऱ्याने त्याच्यावर टाकलेला विश्वास हाच त्यास बांधावयास पुरेसा होता.

तेव्हा कर्तव्य आहे हे धरून चालू. पण किती? येथेच खरी अडचण आहे, आणि ती आमच्या ग्रंथालयाच्या उदाहरणावरून उत्तम प्रकारे कळते.

पूर्वीच्या काही स्क्रिप्टा मोठ्या उपकारशील असत. सर्व्हर सुरू करताना माहितीची जागा रिकामी दिसली, की त्या समजत की धनी नवखा आहे, आणि त्याचा त्रास वाचावा म्हणून आपण होऊन एक नवी कोरी कोठी मांडून देत. नवख्याचे काम सुकर होई यात संशय नाही. परंतु जागा रिकामी दिसण्याचे कारण धनी नवखा हेच नसते. माहिती दुसऱ्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क त्या सकाळी जोडली गेली नसेल, तर जुन्या कोठीच्या दारातच नवी कोठी उभी राहते. लोक कामास लागतात, नव्या नोंदी तिच्यात पडू लागतात. मग घटकाभराने ती हरवलेली डिस्क अवचित जागेवर आली तर? चालू सर्व्हराच्या स्मरणात कोरी कोठी, आणि त्याच्या हाताखाली मात्र आता जुनी खरी कोठी. तो आपल्या स्मरणातले त्या खऱ्या वह्यांवर लिहू लागतो. मुनिमाने नव्या दुकानाची जमा जुन्या दुकानाच्या खातेवहीवर खोडून लिहावी, तसा हा प्रकार. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. साऱ्या अनर्थाचे मूळ मदत करण्याच्या उत्साहात आहे.

यावरून शहाणे होऊन पुढील सांभाळणाऱ्यांनी ते दोन व्यवहार निराळे केले. सुरू करणे निराळे, स्थापना करणे निराळे. आणि स्थापनेची आज्ञा धन्याने स्वतःच्या तोंडाने दिली पाहिजे. पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी आपल्या माहितीपुस्तकात आणखी एक सूचना केली आहे, ती आम्हांस फार मार्मिक वाटली. बाहेरची डिस्क ज्या ठिकाणी जोडली जाते तेच ठिकाण माहितीची जागा म्हणून वापरू नये. तिच्या आत एक खण करून त्यात माहिती ठेवावी. म्हणजे डिस्क नसेल त्या दिवशी तो खणच दिसणार नाही, आणि गफलतीला जागा न राहता काम स्वच्छपणे बंद पडेल. स्वच्छपणे बंद पडणे हाही एक गुण होऊ शकतो, हे आम्हांस आयुष्यात पुष्कळ उशिरा कळले.

मिल्लने आपल्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात धोक्याच्या पुलाचे उदाहरण घेतले आहे. पूल खचलेला आहे हे निश्चित ठाऊक असून सांगावयास अवधी नसेल, तर त्यावर पाऊल टाकणाऱ्यास धरून मागे ओढण्याने त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नसते. परंतु निश्चिती नसून केवळ धोका असेल, तर त्यास सावध करावे आणि निर्णय त्याचा त्यास करू द्यावा. आमच्या सकाळच्या नकारात या दोन्ही गोष्टी होत्या. यंत्राने बाईंस मागे ओढले, पण हातपाय बांधले नाहीत. नवी कोठी हवीच असेल तर अमुक आज्ञा द्या, असेही सांगितले.

येथे कोणी म्हणेल की, नाही म्हणणे हे आळशाचे व भित्र्याचेही साधन आहे. कचेरीतील कारकून नाही म्हणतो तो काही विवेकाने नव्हे! हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याने त्याचे जे उदाहरण दिले ते या धंद्यातलेच आहे. पोस्टग्रेसचा सर्व्हर चालू असता माहितीच्या जागेत एक चिठ्ठी ठेवतो, तीत त्याचा क्रमांक असतो. दुसरा सर्व्हर त्याच जागेवर उठू लागला तर चिठ्ठी पाहून, चिठ्ठीवाला जिवंत आहे की काय याची चौकशी करून, तो थांबतो. कारण एकाच वहीत दोघे एकदम लिहू लागले तर वही राहावयाची नाही. पण उतावळा मनुष्य काय करतो? कारण न वाचता चिठ्ठी फाडतो आणि दार मोकळे झाले म्हणून समाधान मानतो. काही स्क्रिप्टांत तर ही चिठ्ठी दरवेळी आधीच काढून टाकण्याची सोय करून ठेवलेली असे! असा आततायीपणा लोकांच्या अंगी येतो, याचा काही दोष नकार देणाऱ्यांकडेही जातो असे आमचे मत आहे. ज्याचे कारण सांगितलेले नाही तो नकार मनुष्यास दार फोडावयास शिकवतो. मुलांच्या बाबतीत हे आपण घरोघर पाहतो.

मदत किती पुढे जाऊन करावी याविषयी वर सांगितलेल्या संस्थांतही मतैक्य नाही. डेबियनमध्ये सर्व्हरचे पॅकेज घातले की तो सहसा लगेच चालू होतो आणि डेटाबेसची पहिली कोठीही मांडली जाते. फेडोरा व रेड हॅट यांच्याकडे तो धन्याने चालू करीपर्यंत निजून राहतो. एका पक्षाचे म्हणणे, मागितले म्हणजे वापरावयासाठीच मागितले; दुसऱ्याचे, घरात आणणे म्हणजे दार उघडणे नव्हे. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु डेबियनचे एक व्रत आहे, त्यापुढे आम्ही मान लवतो. धन्याने मांडणीच्या फायलीत स्वतःच्या हाताने काही बदलले असेल, तर नवी आवृत्ती घालताना ते पुसावयाचे नाही, असा त्यांचा नियम आहे. पॅकेजवाल्यास आपली नवी मांडणी अधिक चांगली वाटत असली तरी तो विचारतो: तुमची ठेवू की आमची? तसेच पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरसाल निघते आणि जुन्या आवृत्तीच्या वह्या नवीला जशाच्या तशा वाचता येत नाहीत. तेव्हा डेबियनमध्ये दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुन्यातून नव्यात जाण्याचा मुहूर्त धन्याने ठरवावयाचा. दुसऱ्याच्या हस्ताक्षराविषयी इतका आदर आमच्या ग्रंथसंपादकांच्या अंगी असता तर आमच्या जुन्या पोथ्यांचे पुष्कळ कल्याण झाले असते. पण तो विषय निराळा.

आता त्या चारपाच मिनिटांविषयी. वीज अवचित गेल्यावर सर्व्हर उठतो तो लगेच बोलत नाही. अर्धवट राहिलेले व्यवहार तो आपल्या रोजनिशीवरून तपासून वह्या पुन्हा जुळवतो. मोठ्या कोठीस यासाठी पुष्कळ वेळ लागू शकतो. इकडे हल्लीच्या लिनक्समध्ये सर्व सर्व्हरांवर देखरेख करणारा सिस्टिमडी नामक कारभारी आहे. नव्वद सेकंदांत 'मी तयार' असे जो सांगत नाही तो बिघडला असे समजून त्यास ठार करावयाचे, ही त्याची साधारण रीत. म्हणजे जो इमानाने वह्या जुळवीत बसला आहे त्यासच आळशी म्हणून मारावयाचे, त्याने पुन्हा उठून पुन्हा जुळवू लागावयाचे, आणि पुन्हा मरावयाचे! यासाठी पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकात सांगितले आहे की, त्याच्या स्क्रिप्टेत ही मर्यादाच काढून टाकावी. कोणी सावरत असता त्यास घड्याळ दाखवू नये, हे ज्याने त्या ओळीत लिहिले त्याने आमच्या मते शिक्षणशास्त्रावरही एक ओळ लिहिली आहे.

येथपर्यंत धन्याशी असलेला संबंध झाला. परंतु पॅकेजवाल्याचे दुसरे नाते कर्त्याशी असते. कर्त्याच्या कृतीत त्याने हात घालावा काय? घालावा लागतो, हे निर्विवाद. आणि घातल्याने काय होते याचे भयंकर उदाहरण २००६ साली घडले. गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या ओपनएसएसएल या कृतीतील दोन ओळींविषयी व्हॅलग्रिंड नावाचे तपासणीचे साधन तक्रार करी. डेबियनच्या सांभाळणाऱ्याने त्या ओळी काढण्याविषयी कर्त्यांच्या मंडळींत विचारले. मिळालेले उत्तर त्यास अनुकूल वाटले. त्याने त्या काढल्या. त्यांतली एक निरुपद्रवी होती. दुसरीवर किल्ल्यांची सारी अनिश्चितता अवलंबून होती. ती गेल्यावर एका प्रकारच्या किल्लीचे जास्तीत जास्त ३२,७६८ नमुनेच संभवू लागले. चोराने एकेक लावून पाहाव्या इतके थोडे. ही गोष्ट मे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. यात दोषी कोण? त्या मनुष्याने विचारले होते. उत्तर देणाऱ्यांस, हा बदल लाखो घरी जाणार आहे, याची कल्पना आली नसावी. आम्ही या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आणि एवढेच म्हणू शकतो की, प्रत्येकाने अर्धी काळजी घेतली व उरलेली अर्धी दुसऱ्याने घेतली असेल असे मानले. गुन्हा म्हणावा असे काही सापडत नाही, आणि तरीही अनर्थ लहान नव्हे.

कित्येकदा तर स्वतःच्या कृतीत काहीच न करता दुसऱ्याच्या दुरुस्तीने आपली कोठी बिघडते. शब्दांचा अनुक्रम कसा लावावा हे पोस्टग्रेस बहुधा जीलिबसी नावाच्या मूलभूत भांडारास विचारतो. ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत त्या भांडाराने आपला अनुक्रम सुधारला. सुधारणा योग्य होती. परंतु जुन्या क्रमाने लावून ठेवलेल्या सूच्या एकाएकी खोट्या ठरल्या. आमच्या वाचकांस हे लगेच समजेल. वर्णमालेत आपण 'ळ' हा 'ह'च्या पुढे म्हणतो. संगणकाच्या युनिकोडमधील अक्षरांच्या यादीत तो 'ल'च्या लगेच पुढे बसवला आहे. एका क्रमाने लावलेल्या खणांत दुसऱ्या क्रमाने शोधणाऱ्यास पुस्तक असून सापडावयाचे नाही, आणि तो नाही समजून दुसऱ्यांदा त्याची नोंद करील. सूचना कोणाची येत नाही, यंत्र थांबत नाही. ते चुकीचे उत्तर शांतपणे देत राहते. याहून प्रामाणिक नकार शतपट बरा.

आणि शेवटी अलीकडची गोष्ट, जिच्यामुळे आमच्या विद्यार्थ्याची झोप उडाली असे तो म्हणाला. मजकूर दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लहानशा साधनाचा सांभाळ एक गृहस्थ वर्षानुवर्षे बिनमोल करीत होते आणि थकले होते. एक मनुष्य, किंवा मनुष्याचे सोंग घेतलेले कोणी, त्यांच्या मदतीस आले; दोन वर्षांहून अधिक काळ नेटके काम करून त्याने विश्वास मिळवला. अनोळखी नावांनी त्या थकलेल्या गृहस्थांस टोचणारी पत्रेही येत राहिली की, तुम्हांस होत नाही तर दुसऱ्याच्या हाती द्या. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मदतनिसाने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले. ते चोरदार दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएचपर्यंत पोहोचले कसे? डेबियन व फेडोरा यांच्या पॅकेजवाल्यांनी, त्या सर्व्हराने सिस्टिमडीस 'मी तयार' असे कळवावे म्हणून, त्यात स्वतःची एक जोड घातली होती. त्या जोडीबरोबर आणखी एक भांडार आले, आणि त्याच्या पाठीमागून हे एक्सझेडचे. शब्द दोन, तेही सोयीचे; आणि दार त्यांच्या वाटेने उघडले.

ते उघडकीस आणले पोस्टग्रेसच्याच एका कर्त्याने, आंद्रेस फ्रॉइंड याने. डेबियनच्या 'अस्थिर' म्हणविणाऱ्या आवृत्तीवर तो डेटाबेसच्या वेगाची मापे घेत असता प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो असे त्यास दिसले. काही आठवडे आधी व्हॅलग्रिंडने केलेली एक चमत्कारिक तक्रारही त्यास आठवली. त्याने ती दडपली नाही; तो तिच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांस सावध केले. कायम आवृत्त्यांत ते विष जावयाचे होते, ते वाचले. एकाच साधनाची तक्रार २००६ साली एकाने गप्प केली व २०२४ साली दुसऱ्याने ऐकली. परंतु यावरून पहिला वाईट व दुसरा चांगला असे म्हणावयास आम्ही तयार नाही. पहिल्यानेही ती ऐकलीच होती.

आमचे मन अडते ते त्या थकलेल्या गृहस्थांपाशी. जगातील मोठमोठ्या पेढ्या त्यांच्या कामावर चालत होत्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवणारा पहिला मनुष्य निघाला तो चोर. पॅकेजवाल्याने न पाहिलेल्या धन्याशी कसे वागावे याचा आम्ही एवढा वेळ विचार केला. धन्याने न पाहिलेल्या चाकराशी कसे वागावे, हे आमच्या मनातही आले नव्हते. आणि या व्यवहारात आम्ही धन्याच्या बाजूस आहो.

विद्यार्थी निघाला तेव्हा आम्ही त्यास सांगितले की, कॉलेजतर्फे तुझे आभाराचे पत्र पाठवतो. तो म्हणाला, "सर, ती नकाराची ओळ माझी नाही. कोणाची ते पॅकेजच्या जुन्या नोंदीत सापडेल, पण त्यालाही ती आता आठवत नसेल." मग जिन्यावरून मागे वळून त्याने बाईंस विचारले, "नोंदीची दुसरी प्रत कुठं ठेवता?"

बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही बाईंकडे. त्या संध्याकाळी कॉलेजच्या खर्चाने एक लहान डिस्क आली. दर शनिवारी बाई ती पिशवीत घालून घरी नेतात आणि सोमवारी परत आणतात.